कीस, उसळ आणि हॉट डॉग : इंदूरच्या खाऊबाजाराचे एक परीक्षण

खाण्यापिण्यावर लिहिण्याची मराठीतील परंपरा चांगली समृद्ध आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’पासून कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’पर्यंत पाकशास्त्राची पुस्तके आहेत, दुर्गाबाई भागवतांचे ‘खमंग’ आहे, पु. लं.चा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख तर आपल्यापैकी अनेकांना जवळजवळ पाठ असेल. परंतु या साऱ्या लेखनाची नजर प्रामुख्याने घरच्या चुलीवर, आणि चुलीपासून उठलीच तर मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांवर राहिली. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाच्या दाराबाहेरचा बाजार या लेखनात फारसा आलाच नाही. इंदुरात साहित्य संमेलने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा भरली. त्या मंडपांतील भाषणे ग्रंथबद्ध झाली. मंडपातून उठून रसिक जिथे गेले असतील, त्या बाजाराविषयी मात्र मराठीत अवाक्षर सापडणे कठीण.

अलीकडे इंदूरच्या खाण्यावर हिंदी-इंग्रजीत पुष्कळ लिहिले जाते. त्याचे स्वरूप बहुधा यादीचे असते : अमुक ठिकाणी हे खा, तमुक ठिकाणी ते खा, प्रत्येक पदार्थ ‘लाजवाब’, प्रत्येक दुकान ‘प्रसिद्ध’. सर्वच लाजवाब असेल तर परीक्षणाला जागा उरत नाही. आमच्या मते हा बाजार एखाद्या ग्रंथासारखाच गंभीरपणे वाचण्याच्या योग्यतेचा आहे, आणि म्हणून त्याला ग्रंथासारखेच प्रश्नही विचारले पाहिजेत. पदार्थ आपल्या नावाशी कोणते नाते राखतो? त्याच्या कृतीत स्वतःचा काही तर्क आहे की नुसता देखावा आहे? आणि तो कोणाकोणाला आपल्या पंगतीत घेतो? या तीन प्रश्नांच्या आधारे आम्ही हे वाचन मांडत आहोत.

आरंभ अर्थातच पोह्यांपासून. इंदूरचे पोहे मराठी माणसांनी आणले, असे आपल्या घराघरांत अभिमानाने सांगितले जाते. होळकरांच्या राज्याबरोबर माळव्यात आलेली आणि १८१८ मध्ये इंदूर राजधानी झाल्यावर येथे स्थिरावलेली कुटुंबे पाहता ही गोष्ट संभवनीय आहे. तथापि या दाव्याची मर्यादा ओळखली पाहिजे. पोहे हे धान्यरूप भारतभर आहे. सुदाम्याच्या पुरचुंडीवर कोणत्याही एका प्रांताला हक्क सांगता येणार नाही. आपला म्हणून काही वाटा असेल तर तो हळद-मोहरीच्या फोडणीचा, कांद्याचा, न्याहारीला पोहे करण्याच्या रीतीचा. त्यापुढचे सारे माळव्याचे आहे. येथे पोहे परतून ताबडतोब वाढत नाहीत. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर परात ठेवून वाफेवर धरतात. त्यामुळे तेल कमी लागते आणि पहिल्या गिऱ्हाइकापासून शेवटच्यापर्यंत पोहे मऊ राहतात. त्यात बडीशेप येते, चवीला किंचित साखर असते, वरून शेव, कच्चा कांदा, क्वचित डाळिंबाचे दाणे आणि शेवटी जिरावन, म्हणजे जिरे, धने, आमचूर, काळे मीठ इत्यादींची ती आंबट-तिखट भुकटी. शेजारी जिलेबी असतेच.

आपल्याकडची वडीलधारी मंडळी या पोह्यांना ‘गिचका’ म्हणून नाक मुरडतात, हे आम्ही अनेकदा ऐकले आहे. दाण्यांचा कुरकुरीतपणा, ओले खोबरे, लिंबाची फोड यांची सवय झालेल्या जिभेला ते तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु टीकेचा निकष परका असू नये. घरचे पोहे चार माणसांसाठी, कढईतून थेट बशीत येतात. बाजारचे पोहे पहाटेपासून शेकडो माणसांसाठी तयार राहावे लागतात. वाफेची युक्ती या गरजेतून निघाली आहे. मऊ पोह्यांवर कोरडी शेव, तिखटाशेजारी गोड जिलेबी, ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. तिला ‘बिघडलेले कांदेपोहे’ म्हणणे म्हणजे ओवीला बिघडलेला अभंग म्हणण्यासारखे होईल.

याहून महत्त्वाची साक्ष शब्दांची आहे. सराफ्यात ‘भुट्टे का कीस’ मिळतो. कोवळी कणसे किसून तुपावर परतायची, जिरे-मोहरी, हिंग, हिरवी मिरची घालायची, दुधात शिजवायची, वर खोबरे-कोथिंबीर पेरायची. पदार्थ माळव्याच्या मक्याचा, पण ‘कीस’ हा शब्द कोठला? हिंदीत किसण्याला ‘कद्दूकस करना’ म्हणतात. बटाट्याचा कीस, रताळ्याचा कीस करणाऱ्या मराठी स्वयंपाकघराचाच हा शब्द असावा, याविषयी आम्हांला फारशी शंका वाटत नाही. तीच गोष्ट ‘उसल पोहे’ या नावाची. भिजवलेल्या, मोड आलेल्या कडधान्याच्या रसदार पदार्थाला ‘उसळ’ म्हणावे हे शिकवले कोणी? आज ते विकणारा आणि खाणारा दोघेही बहुधा मराठी बोलत नाहीत. शब्द त्यांच्या तोंडी इतका रुळला आहे की तो परका आहे हे त्यांच्या ध्यानीही येत नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. आपल्या सभांतून, स्नेहसंमेलनांतून एक विषय नित्य निघतो : पुढची पिढी मराठी वाचत नाही, घरात हिंदी बोलते, भाषा बुडत चालली. ही चिंता खरी आहे आणि तिच्यावर बाजाराचे उत्तर नाही. दोन-चार शब्द टिकले म्हणून भाषा टिकत नाही. पण भाषा जिवंत राहण्याच्या वाटा केवळ ग्रंथालयातून जातात, ही समजूतही अपुरी आहे. जो शब्द परक्याने आपला मानून वापरला, तो शब्द आपण दिलेला आहे, हे सांगणारे कोणी उरले नाही तर ते देणे निनावी होते. येथे जपण्यासारखे आहे ते या देण्याचे ज्ञान. मालकी सांगण्याचे कारण नाही.

साबूदाण्याच्या खिचडीचे उदाहरणही असेच बोलके आहे. आपल्या घरी ती उपासाची. तुपाजिऱ्याची फोडणी, दाण्याचे कूट, आणि एकादशी-चतुर्थीची आठवण. सराफ्यात ती रात्री अकरा वाजता, कोणत्याही वारी, वाफेवर धरलेली, वर फराळी मिश्रण, जिरावन आणि लिंबू घालून मिळते. व्रताचा पदार्थ चैनीचा झाला, याची खंत धार्मिक मनाला वाटू शकेल. आम्हांला मात्र यात पदार्थाचा अपमान दिसत नाही. उपासाच्या बंधनातून सुटूनही तो स्वतःच्या चवीवर उभा राहिला, ही त्याची कसोटीच झाली.

आता सराफ्याच्या एकंदर रचनेकडे वळू. राजवाड्याच्या जवळची ही सोन्याचांदीची पेठ दिवसा दागिन्यांची असते. दुकाने मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया, पराती, तवे मांडले जातात आणि रात्री दीड-दोनपर्यंत गर्दी ओसरत नाही. एकाच जागेचे हे दोन प्रहर हा या बाजाराचा सर्वांत सुंदर गुण. हिवाळ्यात गराडू येतो. आपल्या कोनफळाच्या कुळातला हा कंद तळून, मसाला-लिंबू लावून देतात आणि थंडी सरली की तो नाहीसा होतो. ऋतू पाळणारा पदार्थ हा बाजाराच्या प्रामाणिकपणाचा पुरावा समजावा. ‘शिकंजी’ हे नाव ऐकून लिंबाचे सरबत मागणारा पाहुणा मात्र चकित होतो. येथे त्या नावाने आटीव दुधाचे, केशर-सुकामेव्याचे दाट पेय हाती येते. नाव एक आणि वस्तू दुसरी, हा इंदूरचा स्वभावच म्हणावा लागेल.

सराफ्यावर आमचा आक्षेप आहे तो देखाव्याविषयी. जोशी दहीबडा हाउसमध्ये दहीबड्याचा द्रोण हवेत उडवून झेलण्याची आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले वेगवेगळे सोडण्याची करामत प्रसिद्ध आहे. ती पाहण्यासारखी आहे आणि तिला आमचा आक्षेप नाही, कारण तिच्यामागे दाट दही आणि हलका वडा आहे. कला वस्तूवर उभी आहे. पण या यशाचे अनुकरण जेव्हा नुसत्या आकारात होते, ताटाएवढा जिलेबा, धूर काढणारी पाने, विस्तवासह तोंडात घालायचे विडे, तेव्हा खाणारा प्रेक्षक होतो आणि जीभ मागे पडते. जिलेबीचे सुख तिच्या बारीक, कुरकुरीत वेढ्यांत आहे. वेढा जाड झाला की आतला मैदा पाकाला दाद देत नाही. अलंकारांनी अर्थ झाकला जावा, तसा हा प्रकार आहे.

सराफ्याहून अगदी निराळी वस्ती म्हणजे नव्या पलासियातील छप्पन दुकान. रांगेने छप्पन गाळे, म्हणून हे नाव. येथील ‘जॉनी हॉट डॉग’ चार दशकांहून अधिक काळ गर्दी खेचत आहे. अमेरिकेत हॉट डॉग म्हणजे लांबट पावात घातलेले सॉसेज. इंदूरच्या हॉट डॉगात सॉसेज नाही आणि पाव लांबट नाही. गोल पाव चिरून तव्यावर खमंग भाजायचा, आत बटाट्याची टिक्की, नाहीतर अंडे, नाहीतर मटणाची टिक्की, सोबत चटणी आणि कांदा. अंड्याच्या प्रकाराला ‘बेंजो’ असे आणखी निराळेच नाव आहे. वंशावळ काढायची झाली तर हा वडापावाचा मावसभाऊ. नाव तेवढे साता समुद्रापलीकडचे.

हे नाव खोटे आहे काय? शब्दकोशाच्या दृष्टीने आहे. पण ‘शिकंजी’प्रमाणेच येथेही शहराने शब्द उचलला आणि अर्थ स्वतःचा भरला. ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून घेताना आपल्या पूर्वजांनी मूळ शब्दाची वंशशुद्धी तपासली नव्हती. हॉट डॉगची खरी परीक्षा तव्यावर आहे, आणि तेथे तो उतरतो : पाव कडेने कुरकुरीत, आतून मऊ, सारण बेताचे, किंमत विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. सराफ्याचा बाजार संपूर्ण शाकाहारी आहे. छप्पनच्या या एका तव्याच्या दुकानात शाकाहारी, अंडे खाणारा आणि मटण खाणारा शेजारी उभे राहून खातात. आपल्या जुन्या घरांत कोणी कोठे बसून काय खावे याचे नियम किती कडक होते, हे आठवले म्हणजे या शेजाराचे महत्त्व कळते. पंगतीने जे साधले नाही ते फुटपाथने साधले.

इंदूर २०१७ पासून स्वच्छता सर्वेक्षणात अग्रस्थानी राहिले, आणि त्याचा लाभ या बाजारांनाही झाला. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने छप्पन दुकान आणि सराफा या दोहोंना ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ हा दर्जा दिला. २०२० मध्ये छप्पन दुकानाचा कायापालट झाला. वाहने बंद झाली, फरसबंदी आली, बसायला बाके आली. रस्त्यावर खाणे म्हणजे आजाराला निमंत्रण, ही आपल्या आज्यांची धास्ती आता पूर्वीइतकी साधार राहिली नाही. म्हातारी माणसे, मुले, एकट्या स्त्रिया येथे निःशंकपणे येतात, हा लाभ लहान नव्हे. याची किंमतही आहे : एकसारख्या पाट्यांखाली दुकानांचे चेहरे सारखे दिसू लागतात. सराफ्यातील ओबडधोबड वेगळेपण छप्पनमध्ये शोधून सापडत नाही.

२०२५ मध्ये सराफ्याच्या रात्रबाजाराविषयी शहरात मोठा वाद झाला. सुरक्षिततेच्या कारणावरून तो हलवावा, असा सूर सराफांतून उमटला. तर तो राहावा पण परंपरागत पदार्थांपुरताच राहावा, चाऊमीन-मोमो यांना तेथे थारा नसावा, असा दुसरा पक्ष होता. तव्या-कढयांच्या दाटीत आगीची भीती खरी आहे आणि दुकानांची संख्या मर्यादित ठेवण्यास आमचा पाठिंबाच आहे. परंतु ‘परंपरागत’ या शब्दाची व्याख्या जपून करावी. एके काळी साबूदाणाही या देशात नवा होता. मका आणि बटाटा अमेरिकेतून आले. भुट्ट्याचा कीस ज्या दिवशी पहिल्यांदा विकला गेला, त्या दिवशी तो परंपरागत नव्हता. आजच्या यादीची चौकट तेव्हा असती तर तो कीस आणि आपले पोहे दोन्ही ‘बाहेरचे’ ठरून परत गेले असते. वगळण्याचा निकष लावायचाच असेल तर तो चवीचा आणि कारागिरीचा असावा. गावाबाहेरून आला म्हणून कोणताही पदार्थ वगळू नये.

हे आपण म्हणणे विशेष आवश्यक आहे, कारण आपणही या गावात बाहेरून आलो. दोनशे वर्षांत आपली बोली बदलली, क्रियापदे हिंदीच्या वळणाने चालू लागली. पुण्याचे नातेवाईक त्याबद्दल आपल्याला हसतात आणि आपण मनात खट्टू होतो. इंदूरच्या पोह्यांना ‘गिचका’ म्हणताना आपण तेच हसू दुसऱ्यावर उलटवत असतो. वाफेवरच्या पोह्यांना आम्ही जो न्याय मागतो, तोच आपल्या माळवी मराठीलाही लागू आहे : दोन्ही आपल्या जागी, आपल्या गरजेतून घडलेली, पूर्ण वाढ झालेली रूपे आहेत.

एक काम मात्र सत्वर व्हायला हवे. ज्यांच्या घरांत इंदूर, देवास, धार, उज्जैन येथील जुन्या पाककृतींच्या वह्या आहेत, त्यांनी त्यांतील पदार्थांची नावे, कृती आणि बाजारात प्रचलित असलेली त्यांची रूपे शेजारी शेजारी लिहून काढावीत. ‘कीस’ आणि ‘उसळ’ ही केवळ दोन नावे आम्हांला सहज आढळली. अशी आणखी किती असतील, हे वह्या उघडल्यावाचून कळणार नाही.