खोडलेले दिसायला हवे

पाठवलेल्या संदेशातली चूक नंतर दुरुस्त करता यावी, ही समाजमाध्यमे वापरणाऱ्यांची जुनी मागणी. ट्विटरने (आताचे 'एक्स') २०२२ मध्ये पैसे भरणाऱ्या सदस्यांना ही सोय दिली, व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ मध्ये सर्वांना.

मागणी रास्तच होती. पण दोन्ही सोयींत एक महत्त्वाचा फरक आहे. ट्विटरने दुरुस्तीपूर्वीचा मजकूरही वाचता येईल अशी व्यवस्था केली. व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटांपर्यंत दुरुस्ती करता येते. वाचणाऱ्याला बदल झाल्याची खूण दिसते, मूळ मजकूर मात्र दिसत नाही. समजा, शाळेच्या गटावर परीक्षेची तारीख १२ ची २१ केली. आधीचा संदेश वाचलेल्या पालकाला नेमके काय बदलले हे कसे कळावे? शिवाय तोवर कुणी पुढे पाठवलेल्या प्रतींत १२ च राहणार.

प्रयोगवहीत आम्ही चुकलेली नोंद पुसत नाही. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी नवी लिहितो. जुना आकडा वाचता येतो, म्हणूनच चूक कुठे झाली ते शोधता येते. विद्यार्थ्यांनाही आपण हेच शिकवतो. व्हॉट्सअ‍ॅपकडे पुढची मागणी करायची, तर ती या रेघेची करावी.