एकाच भिंतीवरचं पाणी

फोटोत माणूस नाही. एक भिंत आहे आणि भिंतीला लागून पाणी पिण्याच्या दोन जागा. एक म्हणजे थंड पाण्याचा भलामोठा कूलर. त्याच्या शेजारी एक लहानसं भांडं, चूळ भरण्यापुरतं असावं तेवढं. कूलरच्या वर पाटी आहे, ‘व्हाइट’. भांड्याच्या वर पाटी आहे, ‘कलर्ड’. कृष्णधवल फोटो. कुणी पाणी पीत नाही, कुणी कुणाला अडवत नाही. पोलीस नाही, झेंडा नाही, घोषणा नाही. तरी हा विसाव्या शतकातल्या एका मोठ्या आंदोलनाचा फोटो आहे. आंदोलनाचा फोटो कशाला म्हणायचं, हे मला जितकं या फोटोने शिकवलं तितकं उगारलेल्या मुठींच्या शेकडो फोटोंनी शिकवलेलं नाही.

डॅनी लायनने हा फोटो १९६२ साली काढला. ठिकाण अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं अल्बनी हे शहर, तिथल्या कौंटीच्या न्यायालयाची इमारत. न्यायालयाची, हे ध्यानात घ्यायला हवं. ही खानावळ नाही, कुणाचं खासगी दुकान नाही. जिथे न्याय मागायला यायचं, तिथेच तहान लागली तर आधी पाटी वाचायची आणि मग आपल्या तोटीपाशी जायचं.

लायन तेव्हा वीस वर्षांचा होता. ब्रुकलिनमध्ये जन्मलेला, शिकागो विद्यापीठात इतिहास शिकणारा गोरा विद्यार्थी. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन, वाटेत मिळेल त्या गाडीला हात करत तो दक्षिणेत आला. अल्बनीत १९६१च्या अखेरीपासून वर्णभेदाविरुद्ध आंदोलन उभं राहिलं होतं आणि त्यात पुढे होती स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी ही तरुणांची संघटना. लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे तिला ‘स्निक’ म्हणत. लायन तिथे पोचला आणि लवकरच तुरुंगातही गेला. त्याच तुरुंगात त्या दिवसांत मार्टिन ल्यूथर किंगही कैदेत होते.

स्निकचं कार्यालय सांभाळत जेम्स फोरमन. कॅमेरा घेऊन आलेल्या या पोराला काय काम द्यायचं? लायनने पुढे सांगितलेली हकीकत अशी, की फोरमनने त्याला न्यायालयाच्या इमारतीत जायला सांगितलं. आत, मागच्या बाजूला गोऱ्यांसाठी मोठा कूलर आहे, शेजारी आमच्यासाठी एक लहान भांडं आहे, त्याचा फोटो काढून आण.

या फोटोचं खरं बीज या सांगण्यात आहे. फोटो लायनच्या हातांनी निघाला, पण ती नजर फोरमनची होती. नवख्या माणसाला आंदोलनाच्या गावात काय दिसतं? मोर्चा, गर्दी, पोलिसांच्या गाड्या. न्यायालयातल्या पाण्याच्या तोट्या त्याला दिसतीलच असं नाही. दिसल्या तरी फोटो काढण्याजोग्या वाटतील असं नाही. ज्याने त्या भांड्यातून पाणी प्यायलं आहे, त्याला मात्र ते कुठल्या कोपऱ्यात आहे हे डोळे मिटूनही सांगता येतं. कार्यकर्ता छायाचित्रकार आणि बातमीसाठी आलेला छायाचित्रकार यांच्यातला फरक मला इथे दिसतो. ज्यांचा लढा आहे त्यांनी बोट दाखवावं आणि आपण तिकडे कॅमेरा वळवावा, एवढी नम्रता पहिल्याच्या कामात असावी लागते.

आता फोटोची रचना पाहावी. लायनने इथे काहीही चमकदार केलेलं नाही. कॅमेरा तिरका धरलेला नाही, सावल्यांचा खेळ नाही. साक्षीदाराने पिंजऱ्यात उभं राहून आठवेल तसं सांगावं, तसा हा फोटो आहे: हे असं होतं, इथे होतं, शेजारी शेजारी होतं. या ‘शेजारी’ शब्दातच सगळं आलं. दोन्ही तोट्या दोन इमारतींत असत्या, दोन मजल्यांवर असत्या, तर एकीचा फोटो काढताना दुसरी सुटली असती. इथे भिंत एक आहे. तहान एकसारखी आहे. फरक कुणी केला आणि तो टिकवायला किती खटाटोप केला, हे त्या पाट्याच सांगतात. भेद निसर्गाने केलेला असता तर पाटी लावावी लागली नसती.

आणि मग ते रिकामेपण. चौकटीत एखादी म्हातारी बाई त्या भांड्यावर वाकलेली असती, तर आपल्याला तिची कणव आली असती. कणव आली की मन हलकं होतं आणि आपण पुढे जातो. लायनच्या फोटोत कणव करायला कुणीच नाही. तोट्यांच्या समोरची जागा मोकळी आहे आणि फोटो पाहणाऱ्याचे पाय नेमके तिथेच टेकतात. मग प्रश्न उरतो: मी कुठल्या तोटीपुढे उभा राहिलो असतो? मराठी वाचकाला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. ज्या गावांत ओंजळ पुढे करायची आणि वरून कुणी धार सोडेल तेवढंच प्यायचं, अशी रीत होती, त्या गावांतून आपण आलो आहोत. आपल्या घरातलं कोण धार सोडणारं होतं आणि कोण ओंजळ धरणारं, हे ज्याचं त्याला माहीत असतं.

म्हणून हा फोटो पाहताना मला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळं सर्वांना खुलं केलं, पण ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदाला ओल आली. दोन्हीकडची माणसंही एकमेकांना अनोळखी नव्हती. १९४६ साली आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर नावापासूनच तिकडच्या ब्लॅक पँथरशी नातं सांगत होती. पाण्यावरून माणसाची पायरी ठरवायची, ही गोष्ट दोन्ही समाजांनी वेगवेगळ्या वाटेने शोधून काढली होती. ती मोडणाऱ्यांनाही म्हणूनच एकमेकांची भाषा कळली.

त्याच लढ्यातलं पाणी दुसऱ्या एका रूपात जगाने पाहिलं. मे १९६३मध्ये बर्मिंगहॅम शहरात निदर्शनं करणाऱ्या मुलांवर अग्निशामक दलाचे जोरदार फवारे सोडण्यात आले. चार्ल्स मूरने काढलेले ते फोटो ‘लाइफ’ मासिकात छापून आले. पाण्याच्या माऱ्याने भिंतीशी दाबली गेलेली तरुण शरीरं पाहून अमेरिका हादरली. मूरचे फोटो थोर आहेत आणि ते काढायला जिवावर उदार व्हावं लागतं. पण ते अन्यायाच्या स्फोटाचे फोटो आहेत. स्फोट दिसला की बघणारा म्हणतो, हे भयंकर आहे, हे थांबवा. फवारा बंद होतो आणि त्यालाही सुटल्यासारखं वाटतं. लायनच्या तोटीत स्फोट नाही. ती रोज सकाळी न्यायालय उघडलं की सुरू, संध्याकाळी बंद. मूरने पाणी शस्त्र झालेलं दाखवलं; लायनने ते नियम झालेलं दाखवलं. मोर्चा ज्या नियमाविरुद्ध निघतो, तो नियम कॅमेऱ्यात धरणं जास्त कठीण, कारण तो हलत नाही, ओरडत नाही आणि सवयीने दिसेनासा झालेला असतो.

लायन पुढे स्निकचा पहिला अधिकृत छायाचित्रकार झाला आणि योगायोग असा, की त्याच्या आणखी दोन मोठ्या फोटोंच्या मुळाशीही पाणीच आहे.

पहिला फोटो त्याच उन्हाळ्यातला, इलिनॉय राज्यातल्या केरो गावातला. इजिप्तच्या राजधानीचं नाव घेतलेलं हे गाव स्वतःचा उच्चार मात्र ‘केरो’ असा करतं. तिथल्या पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तलावाबाहेर काही निदर्शक गुडघे टेकून, मान खाली घालून प्रार्थना करतायत. त्यांत जॉन लुईस आहे, तोच पुढे स्निकचा अध्यक्ष आणि नंतर अनेक वर्षं अमेरिकी काँग्रेसचा सदस्य झाला. त्याच्या जवळ एक मुलगी आहे. तलाव दिसत नाही, अडवणारे दिसत नाहीत. दिसतात ती आत वळलेली माणसं. प्रार्थनेचा हा क्षण इतका खासगी आहे, की कॅमेऱ्याचा आवाजही खटकला असता. तो खटकला नाही, कारण कॅमेरा घेतलेला पोरगा त्यांच्याबरोबरच तिथवर चालत आला होता. स्निकने या फोटोचं भित्तीपत्रक केलं. खाली मजकूर घातला तो मिळून नवं जग उभारण्याच्या हाकेचा. सुमारे १०,००० प्रती एकेका डॉलरला विकल्या गेल्या. त्या पैशांवर संघटनेचं काम चाललं आणि वसतिगृहांच्या भिंतींवर तो कागद पाहून नवी मुलं येत राहिली. झुकलेल्या मानांचा फोटो चळवळीचं निशाण होतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या तरुणांनी आपलं बळ कशात मानलं होतं, हे त्यावरून कळतं.

दुसरा फोटो पाहताना मात्र डोळे जड होतात. १९६३च्या जुलैत जॉर्जियातल्या अमेरिकस गावी निदर्शनं करणाऱ्या शाळकरी मुलींना पकडण्यात आलं. बहुतेकींचं वय १२ ते १५. त्यांना लीसबर्गजवळच्या एका जुन्या कोठडीत डांबलं गेलं. आरोप ठेवला नाही, आईवडिलांना त्या कुठे आहेत हे कळवलं नाही. शौचालय तुंबलेलं. प्यायचं पाणी म्हणजे शॉवरमधून ठिबकणारे थेंब. कित्येक आठवडे त्या तिथे होत्या. स्निकला पत्ता लागला तेव्हा लायन गाडीत लपून तिथे गेला. एका साथीदाराने पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवलं, तेवढ्यात लायन मागच्या बाजूने खिडकीशी पोचला आणि गजांमधून फोटो काढले.

ते फोटो घाईत काढलेले आहेत हे दिसतं. फुटलेल्या काचा, गज, आत मुली. इथे लायन कुठे उभा आहे, हे विसरताच येत नाही. तो बाहेर आहे, त्या आत आहेत. दोन मिनिटांत तो गाडीत बसून निघून जाणार आहे, त्या राहणार आहेत. तो गोरा आहे म्हणून त्या गावातून सहज जाऊ शकतो, हेही त्या गजांमध्ये लिहिलेलं आहे. लायन हे अंतर झाकत नाही. आपण त्यांच्यातलेच आहोत, असा आव त्याच्या फोटोत नाही. गज आहेत तर गज दिसू देत, असा सरळपणा आहे. आणि मुली त्याच्याकडे पाहतायत. ते पाहणं एका अनोळखी माणसावर टाकलेला विश्वास आहे: हे बाहेर ने.

त्याने ते बाहेर नेलं. फोटो स्निकने छापले, वॉशिंग्टनपर्यंत पोचवले आणि मुली सुटल्या. फोटोने जग बदलतं का, या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. लीसबर्गमध्ये प्रश्न एवढा मोठा नव्हता. मुली कुठे आहेत याचा पुरावा हवा होता, तो फोटोने दिला आणि त्या घरी जाण्याचा दिवस जवळ आला. चळवळीतल्या छायाचित्राचं मोल ठरवताना मी ही गोष्ट आधी विचारते: ज्यांचा फोटो आहे, त्यांच्या हाती त्यातून काय पडलं?

हे काम किती जोखमीचं होतं, ते १९६४ सालच्या आणखी एका फोटोत दिसतं. मेरिलँडमधल्या केंब्रिज गावात नॅशनल गार्डचे सैनिक क्लिफर्ड वॉज या निदर्शकाला पकडून ओढून नेतायत. वॉज हा स्वतः स्निकचाच छायाचित्रकार. म्हणजे एक छायाचित्रकार सैनिकांच्या हातात आणि दुसरा, त्याचाच साथी, चार पावलांवर डोळ्याला कॅमेरा लावून उभा. त्या क्षणी कॅमेरा टाकून मित्राचा हात धरावा, की फोटो काढावा? लायनने फोटो काढला. मला ते बरोबर वाटतं. ओढून नेणारे हात बलवान होते. आपण हे केलंच नाही, असं त्यांना उद्या म्हणता येऊ नये, याची तजवीज तेवढी त्याच्या हातात होती.

त्याच वर्षी ‘द मूव्हमेंट’ हे पुस्तक आलं. त्यात लायनचे पुष्कळ फोटो आहेत आणि मजकूर नाटककार लोरेन हॅन्सबेरी यांचा. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायद्यावर सही झाली आणि सार्वजनिक जागी अशा पाट्या लावणं बेकायदा ठरलं. अल्बनीच्या भिंतीवरच्या त्या दोन शब्दांना आता कायद्याचा आधार उरला नाही.

पाट्या उतरल्यावर भिंत बोलत नाही. रंगाचा एक हात दिला की खिळ्यांची भोकंही बुजतात, आणि तीस वर्षांनी एखादा भला माणूस म्हणतो की आमच्या गावात असं काही नव्हतं. आपल्याकडेही हे वाक्य ऐकू येतं. पाणवठ्यावरची ओंजळ कुणाच्या लक्षात राहिली नाही, कारण तिचा फोटो काढ असं सांगणारं आणि ऐकणारं तिथे कुणी नव्हतं. अल्बनीत सांगणारा फोरमन होता आणि ऐकणारा लायन.

आज मोर्च्यात चालणाऱ्या प्रत्येक हातात फोन आहे. गर्दीचे, झेंड्यांचे, लाठीमाराचे फोटो निघतात आणि ते निघायलाच हवेत. पण मोर्चा संपल्यावर, माणसं पांगायच्या आधी, त्यांच्यातल्या सगळ्यात गप्प माणसाला एकदा विचारावं: तुमच्या रोजच्या वाटेवरचं असं काय आहे, ज्याचा फोटो काढायला हवा? तो कदाचित थोडा विचार करेल. मग इमारतीच्या मागच्या बाजूला, एका भिंतीकडे बोट दाखवेल.