वितळलेल्या घड्याळांच्या पलीकडे

कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनात पेंटिंगच्या दालनातून फिरताना एक भिंत हमखास लागते. तिच्यावर पायऱ्या आकाशात चढतात, चेहऱ्याच्या जागी पिंजरा असतो, डोळ्यातून झाड उगवतं आणि एखादा मासा हवेत पोहत असतो. शेजारच्या कागदावर ‘अंतर्मनाचा शोध’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. रंगकाम बहुधा चांगलं असतं, शरीररचनेचा अभ्यासही पक्का असतो. पण नेणीव ही माणसाची सगळ्यात खासगी गोष्ट. ती दहा विद्यार्थ्यांच्या दहा कॅनव्हासवर इतकी सारखी कशी दिसते?

या प्रश्नाचं मूळ शोधायला १९३८ च्या लंडनमध्ये जावं लागतं. व्हिएन्ना सोडून नुकताच तिथे आलेला, ब्याऐंशी वर्षांचा मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड १९ जुलैला साल्वादोर दालीला भेटला. ही भेट लेखक स्टेफान त्स्वाइगने जुळवून आणली होती. दालीने ‘नार्सिससचं रूपांतर’ हे चित्र बरोबर आणलं होतं. दुसऱ्याच दिवशी फ्रॉइडने त्स्वाइगला पत्र लिहिलं. अतिवास्तववादी मंडळींना आपण आजवर वेडपटच समजत होतो, पण या तरुण स्पॅनिश चित्रकाराने आपल्याला फेरविचार करायला लावलं, असा त्यातला सूर होता. फ्रॉइडचं आणखी एक मत दालीनेच पुढे सांगितलं आहे: जुन्या अभिजात चित्रांत तो नेणीव शोधत असे, दालीच्या चित्रांत मात्र त्याला जाणीव शोधावीशी वाटली. दालीने ही दाद म्हणून मिरवली. खरं तर ती टीका होती, आणि अचूक होती. दाली स्वप्नाची चित्रं काढत होता, पण पूर्ण जागेपणी, नेमक्या आराखड्यानिशी. ‘स्मृतीचं सातत्य’ या १९३१ च्या चित्रातली ती मऊ घड्याळं जगभर पोस्टरांवर आणि मगांवर पोहोचली. मूळ चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटीमीटरचं आहे. त्यात काय येणार, हे कुंचला उचलण्याआधीच बरंचसं ठरलेलं दिसतं. वार्षिक प्रदर्शनातली ती भिंत या चित्राची वारसदार आहे.

पण अतिवास्तववादाची सुरुवात अशी नव्हती. या चळवळीचा प्रवर्तक आंद्रे ब्रेताँ वैद्यकीचा विद्यार्थी होता. पहिल्या महायुद्धात त्याने मनोरुग्ण सैनिकांच्या इस्पितळात काम केलं, आणि १९२४ च्या अतिवास्तववादाच्या जाहीरनाम्यात त्याने मागितलं ते विचाराच्या देखरेखीशिवाय घडणारं काम. तिथे स्वप्नातला मासा काढायचा नव्हता. मासा येईल की घोडा, हे माहीत नसताना हात चालवायचा होता.

आंद्रे मासाँने ते शब्दशः केलं. हा चित्रकार १९१७ साली आघाडीवर गंभीर जखमी झाला होता. १९२६ च्या सुमारास तो कॅनव्हासवर डिंक ओतायचा, वर वाळू फेकायचा आणि जादाची झटकून टाकायचा. वाळू चिकटली तिथे बेटं तयार व्हायची. मग त्या बेटांकडे पाहत कोळशाने आणि रंगाने रेघा यायच्या. ‘माशांची लढाई’ हे त्याचं चित्र असंच घडलं. त्यात दात असलेले मासे एकमेकांवर तुटून पडतात, लाल रंगाचे फटकारे रक्तासारखे दिसतात. मासे वाळूतून निघाले हे खरं, पण लढाई कुठून आली ते सांगायला नको.

याच चळवळीतल्या माक्स एर्न्स्टची युक्ती याहून साधी होती. १९२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका खाणावळीत त्याची नजर घासून घासून झिजलेल्या लाकडी फरशीवर खिळली. त्याने फळ्यांवर कागद टाकले आणि वरून पेन्सिल घासली. नाण्यावर कागद ठेवून छाप उठवण्याचा आपल्याकडच्या मुलांचा खेळ, तोच हा. लाकडाच्या रेषांतून त्याला जंगलं, पक्षी, समुद्र दिसू लागले. पुढच्याच वर्षी अशा ३४ चित्रांचा ‘निसर्गेतिहास’ हा संच प्रसिद्ध झाला. इथे कल्पनाशक्तीला मोकळं सोडलं आहे असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात तिला एका फळीशी बांधून घातलं आहे, आणि त्यामुळेच ती ठरावीक चित्रांकडे पळू शकत नाही.

युरोपात हे घडत असताना एक भारतीय माणूस कुठल्याही जाहीरनाम्याविना तिथेच पोहोचला होता. रवींद्रनाथ ठाकूर हस्तलिखितातले खोडलेले शब्द एकमेकांना जोडत, आणि त्या काळ्या पट्ट्यांतून चोची, जबडे, वाकड्या मानेची जनावरं बाहेर पडत. १९२४ साली अर्जेंटिनात मुक्काम असताना ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या वहीत हे खूप दिसतं. तिथली लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो हिने ती वही पाहिली. १९३० साली पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यामागे तिचीच धडपड होती. साठी उलटल्यावर चित्रकलेचं कसलंही शिक्षण नसताना या कवीने दोन हजारांहून जास्त चित्रं काढली आणि त्यांना नावं द्यायचं टाळलं. त्यांच्या गाण्यांत सहसा न भेटणारे अंधारे, रोखून बघणारे चेहरे या चित्रांत भेटतात. दुरुस्ती करणाऱ्या हाताने कवीच्या नकळत दुसरंच काही लिहिलं, असं म्हणावंसं वाटतं.

मराठी विद्यार्थ्याला मात्र सगळ्यात जवळचं उदाहरण चित्रकार प्रभाकर बरवे यांचं. अलिबागजवळच्या नागावात १९३६ साली जन्मलेले बरवे जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. हातमागासाठी नक्षी तयार करणाऱ्या विणकर सेवा केंद्रात त्यांनी नोकरी केली, आणि त्यातली सुरुवातीची वर्षं बनारसमध्ये गेली. तिथे तंत्रसाधनेतली चिन्हं त्यांच्या चित्रात आली. पुढे ती हळूहळू गळाली आणि साध्या वस्तू उरल्या: पान, घड्याळ, किल्ली, टाचणी, पाकीट. सपाट, फिक्या पृष्ठभागावर एकेक वस्तू सुटी पडलेली, दोन वस्तूंमध्ये भरपूर रिकामी जागा, आणि एनॅमल रंगाची गुळगुळीत त्वचा. बरव्यांच्या चित्रातही घड्याळ येतं, पण ते वितळत नाही. ते नुसतं असतं, आणि तरीही पाहणाऱ्याला अस्वस्थ करतं. वस्तूचा रोजचा उपयोग काढून घेतला की मनात काय शिल्लक राहतं, याची ती चाचणी आहे. बरवे वर्षानुवर्षं मराठीत डायऱ्या लिहीत होते, त्यांत टिपणांबरोबर रेखाटनंही करत होते. चित्र कसं सुचतं आणि घडतं याचा विचार त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० च्या पुस्तकात मांडला. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ साली त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, तेव्हा चित्रांइतकीच ही डायऱ्यांची पानं महत्त्वाची वाटली. उद्घाटनातल्या अमोल पालेकरांच्या भाषणाला आलेल्या अडथळ्यांची बातमी तेवढी गाजली आणि पानांवरची चर्चा मागे पडली, हे आपल्या कलाव्यवहाराचं दुर्दैव.

आता शिक्षणाकडे वळू. महाराष्ट्रातला मुलगा कला महाविद्यालयात येतो तो बहुधा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. नावाप्रमाणे तो आठवणीतून सोडवायचा. पण बाजार, बसथांबा, फुगेवाला यांच्या आकृत्या क्लासमध्ये आधीच पाठ करून घेतल्या जातात, आणि पाठमोरी टोपलीवाली बाई हजारो कागदांवर एकाच कोनातून उभी राहते. म्हणजे तिसऱ्या वर्षाला ‘अंतर्मन’ हा विषय निघण्याच्या कितीतरी आधी त्या हाताला तयार चित्र पुरवण्याची सवय लागलेली असते. फुगेवाल्याच्या जागी पिंजरा येतो, इतकंच. दोष विद्यार्थ्याचा कमी आणि पद्धतीचा जास्त आहे. सबमिशनच्या तारखेला विषय, आकृतिबंध, रंगयोजना आणि आर्टिस्ट स्टेटमेंट सगळं आधीच मागितलं, तर अनपेक्षित काही घडायला जागा उरते कुठे?

लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या आंतोन एहरेंत्स्वाइगने या अडचणीवर एक आख्खं पुस्तक लिहिलं, ‘कलेची छुपी व्यवस्था’. १९६७ साली ते निघालं तेव्हा तो हयात नव्हता. चित्राचा शेवट आधी ठरवून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला मधला गोंधळ सोसत नाही आणि म्हणून त्याचं काम कडक होतं, हे त्याचं निरीक्षण आजही लागू पडतं.

गोंधळ सोसणं म्हणजे काय, ते शिल्पकार लुईझ बूर्झ्वाने दाखवलं. तिने जवळपास तीन दशकं मनोविश्लेषण घेतलं. वयाची ऐंशी ओलांडल्यावर, नोव्हेंबर १९९४ ते जून १९९५ या काळात, झोप न येणाऱ्या रात्री तिने २२० रेखाटनं केली. हाताला लागेल तो कागद, बरेचदा लाल शाई, गोल गोल फिरणाऱ्या रेघा, मध्येच शब्द. ही मालिका अर्थासाठी घाई करत नाही. तिच्या बाबतीत दुसरंही लक्षात ठेवायला हवं: उपचारांसाठी तिने मनोविश्लेषणाचीच मदत घेतली होती. आपल्याकडे काही वर्गांत विद्यार्थ्याला ‘आतलं दुःख बाहेर काढ’ असं सर्रास सांगितलं जातं. ते बाहेर आल्यावर त्याचं काय करायचं, याचं प्रशिक्षण चित्रकलेच्या शिक्षकाला नसतं. असा सल्ला जपूनच द्यावा.

बाजाराची गोष्ट थोडक्यात. अतिवास्तववादाच्या शताब्दी वर्षात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, अतिवास्तववादी चित्रकार माग्रितचं एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात १२ कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेलं. त्याच सुमारास कुठल्याही फोनवर दोन ओळी टाइप करून आकाशात जाणाऱ्या पायऱ्या मिनिटभरात मिळू लागल्या. स्वप्नासारखं दिसणारं चित्र ही आता कौशल्याची खूणही राहिलेली नाही. एका अर्थी हे बरंच झालं. चित्र बनवणाऱ्या यंत्राला मासाँची वाळू दाखवायला जमेल, पण ती झटकताना कुठे थांबायचं, हा निर्णय एका विशिष्ट माणसाच्या जखमेतून आलेला होता.

म्हणून तपासणीची रीत बदलायला हवी. ज्युरीला बसणाऱ्या अध्यापकांनी तयार कॅनव्हासच्या आधी विद्यार्थ्याची स्केचबुकं मागावीत, फसलेले आणि कोपऱ्यात टाकलेले कागदही मागावेत, आणि निम्मे गुण त्यांना द्यावेत.