गाणारे व्हायोलिन, न गायलेले शब्द

प्रभाकर जोग यांचे 'गाणारे व्हायोलिन' आमच्या वडोदऱ्याच्या घरात प्रथम कॅसेटीवर आले. मराठी भावगीते नि चित्रगीते, पण गायक नाही. त्याच्या जागी व्हायोलिन. ते खरोखर गाते का, हे तपासण्याची खोड मला तेव्हापासून लागली.

जोगांचा गज अक्षरे ओळखतो. शब्द तुटतो तिथे तो उलटतो, स्वर लांबतो तिथे बोट तारेवरून अलगद घसरते, आणि श्वासाच्या जागी ते थांबतात. गीतरामायणात सुधीर फडके यांच्या साथीला बसलेला हा वादक. गायकाचा दम कुठे पडतो, ते त्याला पाठच!

तुलनेला एक परदेशी तबकडी घेऊ. झाँ-ल्यूक पाँटी या फ्रेंच वादकाने रॉक संगीतकार फ्रँक झापा यांच्या रचना १९७० सालच्या 'किंग काँग'मध्ये वाजवल्या. संयोजन खुद्द झापांचे. तिथे चाल म्हणजे नुसता उंबरठा. तो ओलांडून पाँटी दूर भटकून येतो. जोग घर सोडत नाहीत. त्याची किंमतही पडते. दुसऱ्या कडव्यात शब्द बदलतात म्हणून गायकाची तीच चाल नवी वाटते. व्हायोलिनवर मात्र ती पुनरुक्ती होते. हे न्यून मी बरीच वर्षे मोजत आलो.

सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तेव्हापासून या गावात सूर मराठी-गुजराती दोन्ही घरांत नांदतात. शब्दांचे तसे नाही. माझा नातू गुजराती माध्यमात शिकतो. जोगांची एक चाल तो बिनचूक गुणगुणतो. शब्द एकही ठाऊक नाही. एकदा त्याने विचारले, "आजोबा, आमां शब्दो छे?"

प्रश्न काळजात रुतला. पाँटीसारखे जोग भटकले असते, तर त्या चालीत शब्द परत बसवायला जागाच उरली नसती. इथे प्रत्येक अक्षराची जागा राखून ठेवलेली! मी गजाबरोबर पहिले कडवे हळू म्हटले. पुढचे शब्द त्याला कानात सांगितले. मग तीच चाल पुन्हा आली, ज्या पुनरुक्तीला मी नावे ठेवीत होतो तीच, आणि तो अडखळत मराठीत म्हणू लागला.

जोग २०२१ साली गेले. माझा आक्षेप मी मागे घेतो.