पर्लचे उत्तरायुष्य

रविवारी सकाळी कर्नाळ्याच्या अभयारण्यात माणसांपेक्षा कॅमेऱ्यांच्या लांबलचक लेन्साच आधी नजरेत भरतात. पक्षी फांदीवर क्षणभर टेकला की बटण दाबून ठेवायचे आणि पंचवीस-तीस फोटो घेऊन मोकळे व्हायचे, ही आताची रीत. खरी हमाली पनवेलला घरी परतल्यावर सुरू होते. हजारभर फोटो तारीखवार लावायचे, त्यांची नावे बदलायची, कॅमेऱ्याचे चुकलेले घड्याळ दुरुस्त करायचे, अक्षांश-रेखांश भरायचे. यासाठी जाणकार ‘एक्झिफटूल’ वापरतात. फिल हार्वे यांनी २००३ मध्ये आणलेले हे मोफत साधन पर्ल या संगणकभाषेत लिहिलेले आहे. विंडोजवर ते पर्लला पोटात घेऊनच येते, त्यामुळे वापरणाऱ्याला भाषेचा पत्ताही लागत नाही.

हीच पर्ल ‘संपली’ असे गेली वीस वर्षे सांगितले जाते.

भाषाशास्त्र शिकलेल्या लॅरी वॉल यांनी ती १९८७ मध्ये आणली. नव्वदच्या दशकात वेबसाइटींच्या पडद्यामागची बरीच कारागिरी तिची होती. पुढे पीएचपी, पायथन, रुबी आल्या आणि नवशिके तिकडे वळले. धुरीणांनी यावर उपाय काढला तो घरच नव्याने बांधण्याचा. पर्ल ६ची घोषणा २००० साली झाली, ती हाती आली २०१५च्या डिसेंबरात. तोवर ती इतकी निराळी झाली होती की २०१९ मध्ये तिचे बारसे पुन्हा करून ‘राकू’ असे नाव ठेवावे लागले. २०२० मध्ये जाहीर झालेली पर्ल ७ तर बारगळलीच. जुनी पर्ल ५ मात्र नवनव्या आवृत्त्यांसह चालू राहिली.

तिला तगवण्यात व्याकरणाच्या डागडुजीपेक्षा रोजच्या कामांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला ग्रंथालयांत सापडतो. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांची जुनी संगणकप्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती. म्हणून कॅटिपो या छोट्या कंपनीने पर्लमध्ये नवी प्रणाली लिहिली आणि २०००च्या जानेवारीत ती सुरू झाली. तिचे नाव ‘कोहा’, माओरी भाषेत भेट. नावाप्रमाणे ती सर्वांसाठी खुली झाली. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनीही ती आपलीशी केली. २०११ मध्ये कोहाची आंतरराष्ट्रीय परिषद ठाण्यात, विद्या प्रसारक मंडळाच्या यजमानपदाखाली भरली. ग्रंथपालाला हवे असते ते देवघेव, थकबाकी, दाखल नोंदी आणि देवनागरीत शोधता येणारी तालिका. हे सारे परवान्याचे पैसे न मोजता मिळाले, म्हणून कोहा रुजली. पर्लसाठी कोणीही ती बसवली नाही.

गोम इथेच आहे. उपयोगी सॉफ्टवेअर भाषेला निवारा देते, पण वारस देतेच असे नाही. कोहात अहवाल काढायचा तर ग्रंथपाल एसक्यूएल शिकतो. पानाचे रूप बदलायचे तर सीएसएस आणि जावास्क्रिप्टला हात घालतो. पर्ल राहते तळघरात. तिथे उतरणारा जिना म्हणजे प्लगइन: मूळ प्रणालीला धक्का न लावता जोडायचा, पर्लमध्ये लिहिलेला छोटा तुकडा. दाखल नोंदवही तपासणीला हव्या त्या नमुन्यात छापून देणारा प्लगइन ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून सहज देता येईल.

असा जिनाच उरला नाही तर काय होते, हे स्मॉलटॉक या भाषेने पाहिले. प्रोग्रॅमिंग शिकवणारे, मुलांचे लाडके ‘स्क्रॅच’ २००७ मध्ये तिच्याच स्क्वीक या अवतारावर उभे राहिले. २०१३ मध्ये ते फ्लॅशवर गेले, २०१९ मध्ये जावास्क्रिप्टवर. पडद्यावरचे स्क्रॅचचे मांजर तेच राहिले, खालची भाषा दोनदा बदलली, आणि मुलांना त्याने काही फरक पडला नाही.

आपल्याकडे रुळलेल्या फॉक्सप्रो या भाषेचे दुखणे नेमके उलटे. पतसंस्थांपासून दुकानांपर्यंत हिशेबाची कितीतरी कामे तिच्यावर चालत. कमांड विंडोत एकेक ओळ लिहीत अनेक कारकून अर्धे प्रोग्रॅमर झाले. दार सताड उघडे होते, पण घर मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे. २००७ मध्ये कंपनीने पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे सांगितले, २०१५ मध्ये आधारही काढून घेतला. पर्लवर अशी एकाची मालकी नाही. तिला कोणी टाळे ठोकू शकत नाही. नवी माणसे आत यावीत, एवढाच तिचा प्रश्न आहे.

त्या दृष्टीने कर्नाळ्याहून परतलेल्या छायाचित्रकाराची संध्याकाळ पाहण्यासारखी आहे. फक्त आयएसओ ३२००च्या वरचे फोटो वेगळे काढायचे, तर एक्झिफटूलला अट लिहून द्यावी लागते. नावाआधी डॉलरचे चिन्ह, मग ‘पेक्षा मोठे’ची खूण, मग आकडा. ही अट म्हणजे पर्लचीच ओळ. मग तो आपल्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकाचेच फोटो मागतो. बरोबरची दोन चिन्हे टाकतो, आणि दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र येतात. अर्धा तास डोके खाजवल्यावर उलगडा होतो: पर्लमध्ये आकडे ताडायची खूण वेगळी, शब्द ताडायची वेगळी. ती दोन चिन्हे खोडून तो तिथे ‘ईक्यू’ ही दोन इंग्रजी अक्षरे लिहितो आणि पुन्हा एंटर दाबतो.