त्रिलोक गुर्टू यांचे तालवादन : साथीच्या नात्याचा प्रश्न

परदेशी वाद्यवृंदात भारतीय वाद्य वाजले की दोन परंपरांचा संगम झाला, हा समज आपल्या संगीतसमीक्षेत फार सैलपणे वावरतो. वाद्ये शेजारी मांडणे सोपे आहे. त्यांतील साथीचे नाते राहिले की मोडले, हे पाहणे कठीण. त्रिलोक गुर्टू यांच्या वादनाची परीक्षा या दुसऱ्या कसोटीवर व्हावयास हवी.

१९५१ साली मुंबईत जन्मलेले गुर्टू हे शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. तबला त्यांनी ठुमरीच्या घरात ऐकला. ठुमरीत शब्दाचा भाव उलगडत असता तबलजी ठेका धरून मागे राहतो. लग्गी सुरू झाली म्हणजेच त्याचा हात मोकळा होतो. मराठवाड्यातील अभ्यासकास ही शिस्त परकी नाही. बीड जिल्ह्यातील आपेगावच्या शंकरबापू आपेगावकरांनी जो पखवाज थोर केला, त्याचे मूळही वारकरी भजनात, म्हणजे अभंगाच्या शब्दामागे चालण्यातच आहे.

युरोपात गेल्यावर गुर्टू यांनी हे नाते उलटे केले. डॉन चेरी यांच्यासारख्या जाझवादकांच्या संगतीत, कॉलिन वॉलकॉट यांच्या निधनानंतर ‘ओरेगॉन’ या संचात, तसेच जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रयीत त्यांचा तबला पाश्चात्त्य ढोल-झांजांसह पुढे येतो. बोल तबल्याचे, पण ते ढोलांवर उतरतात. लग्गीचे स्वातंत्र्य जणू आरंभापासूनच मिळते, आणि म्हणूनच ते मिळाल्याचा आनंद कमी होतो. वाट पाहिल्यावाचून सम गोड लागत नाही.

१९८८ च्या ‘उस्फ्रेत’ या ध्वनिमुद्रिकेत हे विशेष जाणवते. तीत मातेचा स्वर आहे. एका रचनेचे नावच ‘शोभारॉक’. परंतु बैठकीत एकाच शब्दाभोवती रेंगाळणारा तो कंठ येथे अनेक थरांपैकी एक थर होऊन राहतो. मुलाने आईला सन्मानाने बोलावले, मात्र तिला तिचा वेळ दिला नाही, असे म्हणणे कठोर असले तरी अन्याय्य नाही.

याउलट, निनादत असलेली झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा नाद वाकविण्याची त्यांची रीत अनेकांस गंमत वाटते. वस्तुतः तेथेच हा तालवादक मिंडेच्या, म्हणजे आईच्या गळ्याच्या, सर्वांत जवळ जातो.