तारांकित प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरे : एक समीक्षा
(बुलडाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

विधिमंडळात मंत्री देत असलेल्या उत्तरांवर सर्वसाधारणपणे असत्यतेचा आक्षेप घेतला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडे वेगळे आहे. बहुसंख्य उत्तरे शब्दशः असत्य नसतात. ती प्रश्नातील वाक्याला दिलेली असतात, वाक्यामागील परिस्थितीला दिलेली नसतात, आणि ही सोय प्रश्नाच्या रूढ साच्यातूनच उपलब्ध होते. त्यामुळे उत्तराची चिकित्सा ही प्रश्नाच्या चिकित्सेपासून वेगळी करता येत नाही. बुलडाणा जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्या, खारपाणपट्टा, जिगाव प्रकल्प व केसगळती या चार विषयांच्या आधारे हे प्रतिपादन तपासले आहे.

बीजशब्द : तारांकित प्रश्न, प्रश्नोत्तराचा तास, शासकीय मराठी, आश्वासन समिती, खारपाणपट्टा.

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ (३) नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला आणि अनुच्छेद १६४ (२) नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. ही जबाबदारी अविश्वासाच्या ठरावासारख्या प्रसंगी दिसते, पण असे प्रसंग विरळा असतात. दैनंदिन व्यवहारात ती दिसते ती प्रश्नोत्तराच्या तासात. प्रश्न विचारण्याचा हा अधिकार भारतीय प्रतिनिधींना एकाएकी मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची मर्यादित मुभा मिळाली, परंतु उपप्रश्न विचारता येत नव्हता. १९०९ च्या सुधारणांनंतर मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची संधी मिळाली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सदस्यांनाही मिळाली. उपप्रश्नासाठी इतकी वाट पाहावी लागली यातच त्याचे महत्त्व आहे. पहिले उत्तर तयार करून आणलेले असते. मंत्र्याची विषयावरील पकड कळते ती उपप्रश्नाला दिलेल्या उत्तरातून.

लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित प्रश्न घेतले जातात, मात्र तासाभरात त्यांपैकी मोजक्याच प्रश्नांना तोंडी उत्तर मिळते. उर्वरित उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर येतात. राज्य विधिमंडळातील स्थितीही फारशी वेगळी नाही. म्हणून मंत्र्यांच्या उत्तरांची समीक्षा ही प्राधान्याने लिखित गद्याची समीक्षा ठरते. या गद्याला स्वतःची शैली, स्वतःचे संकेत आणि स्वतःच्या पळवाटा आहेत.

प्रश्नाचा साचा

महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळल्यास एकच रचना वारंवार आढळते. प्रश्नाच्या पहिल्या भागात एक विधान असते व त्याचा शेवट ‘हे खरे आहे काय’ असा होतो. दुसऱ्या भागात ‘असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय’, तिसऱ्यात ‘चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असे विचारले जाते. रचना तर्कशुद्ध वाटते. तिचा दोष असा की सगळे भाग पहिल्या भागावर टांगलेले असतात. पहिल्या विधानाला नकार मिळाला की पुढील सर्व भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर आपोआप लागू होते. चार भागांचा प्रश्न दोन शब्दसमूहांत निकाली निघतो आणि नियमभंगही होत नाही.

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रश्न घेता येईल. ‘संग्रामपूर तालुक्यातील सर्व गावांत खाऱ्या पाण्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांची संख्या वाढली आहे, हे खरे आहे काय?’ या एका वाक्यात तीन स्वतंत्र विधाने आहेत : पाणी खारे आहे, रुग्ण वाढले आहेत आणि पहिल्यामुळे दुसरे घडले आहे. त्यात भर म्हणून ‘सर्व’ हा शब्द आहे. एखादे गाव सुटले असेल, किंवा कार्यकारणसंबंध वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झालेला नसेल, तर ‘हे खरे नाही’ हे उत्तर शब्दशः योग्य ठरते. पाणी खारे आहे आणि डायलिसिससाठी रुग्णांना गावाबाहेर जावे लागते, या गोष्टी मात्र उत्तरात कोठेही येत नाहीत. मंत्री असत्य बोललेले नाहीत, तरीही सभागृहाला सत्य कळलेले नाही.

‘हे अंशतः खरे आहे’ या उत्तराचे स्वरूप याहून गुंतागुंतीचे आहे. कोणता अंश खरा, हे सांगितले तर ते उत्तम उत्तर ठरते. तो अंश अनुक्त ठेवला तर विरोधकाला होकार ऐकू येतो आणि शासनाला नकाराची सोय राहते.

उत्तराचे व्याकरण

उत्तरांतील क्रियापदांकडे लक्ष दिल्यास दोन प्रवृत्ती आढळतात. पहिली कर्मणी प्रयोगाची. ‘कार्यवाही करण्यात येत आहे’, ‘सूचना देण्यात आल्या आहेत’, ‘प्रस्ताव सादर करण्यात आला आहे’ या वाक्यांत कर्ता नसतो. सूचना कोणी कोणाला दिल्या आणि त्या पाळल्या गेल्या काय, हे वाक्याच्या रचनेतूनच गळते. दुसरी प्रवृत्ती अपूर्ण वर्तमानकाळाची. ‘काम प्रगतिपथावर आहे’, ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’ या वाक्यांना आरंभ नसतो आणि अंतही नसतो. असे वाक्य लागोपाठ पाच अधिवेशनांत दिले तरी प्रत्येक वेळी ते खरेच राहते.

याचे मूळ केवळ मंत्र्यांच्या वृत्तीत शोधणे योग्य होणार नाही. उत्तर कसे तयार होते हे पाहिले पाहिजे. बुलडाणा जिल्ह्यासंबंधी प्रश्न स्वीकृत झाला की तो संबंधित विभागाच्या कार्यासनाकडे येतो. तेथून माहितीची मागणी अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे, त्यांच्याकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे, पुढे तहसीलदार व तलाठी किंवा गटविकास अधिकारी व ग्रामसेवक यांच्याकडे जाते. माहिती त्याच पायऱ्यांनी वर येते आणि प्रत्येक पायरीवर तिची धार कमी होते. गंभीर बाब अशी की ज्या कार्यालयाच्या दिरंगाईविषयी प्रश्न आहे, त्याच कार्यालयाकडून बहुधा उत्तराचा कच्चा मसुदा येतो. अशा मसुद्यात कर्ता गाळला जाणे स्वाभाविक आहे. मंत्री हे या गद्याचे लेखक क्वचितच असतात. परंतु सभागृहात ते त्याचे धनी असतात, कारण संसदीय जबाबदारीचा अर्थच तो आहे.

जिल्ह्यातील चार विषय

पहिला विषय शेतकरी आत्महत्यांचा. जुलै २००६ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातील जे सहा जिल्हे समाविष्ट होते, त्यांत बुलडाणा हा एक होता. मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देताना शेतजमिनीची मालकी, अधिकृत स्रोताकडील कर्ज आणि नापिकी, परतफेडीची असमर्थता व वसुलीचा तगादा या बाबी तपासल्या जातात. विधिमंडळातील उत्तरांत यावरून ‘पात्र’, ‘अपात्र’ व ‘चौकशीसाठी प्रलंबित’ असे तीन रकाने येतात. हे आकडे अभ्यासकांना उपयुक्त आहेत, यात शंका नाही. मात्र ‘अपात्र’ हा रकाना उत्तर देत नाही, तो उत्तर संपवतो. प्रकरण कोणत्या निकषावर नाकारले गेले? सातबारा वडिलांच्या नावे होता, जमीन बटईने केलेली होती, की कर्ज नातेवाइकांकडून घेतलेले होते? निकषनिहाय विभागणी मागितली तर धोरणाचा दोष उघड होऊ शकतो. केवळ एकूण संख्या मागितली तर तो त्या रकान्यातच राहतो.

दुसरा विषय खारपाणपट्ट्याचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा पट्टा अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर व शेगाव तालुक्यांतील पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्यामुळे दीर्घकाळ चर्चेत राहिला आहे. येथे उत्तर ‘योजना मंजूर आहे’ किंवा ‘योजना कार्यान्वित आहे’ असे आले की विषय मिटल्यासारखा वाटतो. कार्यान्वित योजनेतून शेवटच्या गावाच्या नळाला महिन्यातून किती दिवस पाणी येते, ही माहिती प्रश्नात मागितल्याखेरीज उत्तरात येत नाही.

तिसरा विषय नांदुरा तालुक्यातील पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाचा. सुरुवातीला काही शे कोटींत असलेला त्याचा अंदाजित खर्च सुधारित मान्यतांनंतर अनेक हजार कोटींवर गेला. भूसंपादन व पुनर्वसन हे त्याचे कळीचे मुद्दे राहिले आहेत. अशा प्रकल्पाबाबत ‘विलंबाची कारणे काय’ असे विचारल्यास भूसंपादन, निधीची उपलब्धता व पुनर्वसन ही तीच कारणे प्रत्येक वेळी सांगता येतात. ‘यापूर्वी सभागृहात कोणकोणत्या वेळी पूर्ततेचा कोणता दिनांक सांगण्यात आला होता’ असा प्रश्न विचारल्यास शासनाला स्वतःच्याच जुन्या उत्तरांसमोर उभे राहावे लागते.

चौथा विषय अलीकडचा आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील काही गावांत अचानक केसगळतीचे रुग्ण आढळू लागले. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक तेथे आले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वस्त धान्य दुकानांतील गव्हातील सेलेनियमच्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. हा विषय आरोग्य, पाणीपुरवठा आणि अन्न व नागरी पुरवठा अशा अनेक विभागांत विभागला जातो. एका विभागाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘ही बाब या विभागाशी संबंधित नाही’ असे येऊ शकते. अशा वेळी प्रत्येक विभागाला स्वतंत्र प्रश्न विचारणे आणि नमुने कोणत्या दिनांकास घेतले, अहवाल कोणाला सादर झाला व तो कोठे पाहावयास मिळेल हे मागणे आवश्यक ठरते.

येथे आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. बुलडाण्याचे खासदार प्रतापराव जाधव हे जून २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण राज्यमंत्री झाले, तर खामगावचे आमदार आकाश फुंडकर यांचा डिसेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळात समावेश झाला. मंत्रिपद मिळाल्याने जिल्ह्याचे वजन वाढते, असे मानले जाते. परंतु मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत; ते उत्तर देतात. लोकप्रतिनिधी मंत्री झाल्यावर जिल्ह्याला उत्तर देणारा मिळतो आणि एक प्रश्नकर्ता कमी होतो. ही त्या व्यक्तींवरील टीका नाही. तो व्यवस्थेचा परिणाम आहे. तो भरून काढण्याची जबाबदारी उर्वरित सदस्यांवर, विशेषतः विधान परिषदेच्या व राज्यसभेच्या सदस्यांवर येते.

प्रतिपक्षाचा विचार

मंत्र्यांच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. न्यायप्रविष्ट बाबींवर बोलण्यास मर्यादा असतात. ग्रामपातळीवरील आकडे थोड्या दिवसांत गोळा करणे कठीण असते आणि घाईने दिलेला चुकीचा आकडा सभागृहाची दिशाभूल करतो. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे उत्तर त्यामुळे प्रत्येक वेळी टाळाटाळीचे नसते. उलट त्याला एक संसदीय मूल्य आहे. अशी ठराविक वाक्ये आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि शासकीय आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते. लोकसभेत ही समिती १९५३ पासून कार्यरत असून आश्वासनपूर्तीसाठी तीन महिन्यांची मुदत आहे. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. म्हणजे वरवर टाळणारे उत्तर पाठपुरावा झाल्यास बांधून घेणारे ठरते. ‘हे खरे नाही’ या उत्तरातून आश्वासन निर्माण होत नाही. म्हणूनच त्याची अधिक कठोर तपासणी व्हावयास हवी.

नेमक्या प्रश्नाचे सामर्थ्य काय असते, हे मुंदडा प्रकरणाने दाखविले आहे. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या सहा कंपन्यांमध्ये केलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांच्या गुंतवणुकीविषयी १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न उपस्थित झाले. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी खरेदीचे तपशील सभागृहापुढे ठेवले. न्या. एम. सी. छागला यांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. त्या चर्चेचे बळ आवेशात नव्हते. ते कंपनी, रक्कम आणि दिनांक यांत होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. एक, ‘हे खरे आहे काय’ या साच्याऐवजी संख्या, दिनांक व जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम मागणारा प्रश्न अधिक परिणामकारक ठरतो, कारण त्याला होकार किंवा नकार पुरत नाही. दोन, एका प्रश्नात एकच विधान असावे आणि कारणाचा प्रश्न वस्तुस्थितीच्या प्रश्नापासून वेगळा असावा. तीन, उत्तराचे मूल्यमापन त्या दिवशी सभागृहात होत नाही. ते त्याच विषयावरील पूर्वीच्या उत्तराशी तुलना केल्यावर होते.

ही तुलना कोणी करावयाची, हा प्रश्न महाविद्यालयांशी निगडित आहे. सदस्यांकडे संशोधन साहाय्य तुटपुंजे असते आणि वृत्तपत्रांना जुन्या याद्या शोधण्यास सवड नसते. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या राज्यशास्त्र व मराठी विभागांनी जिगावसारखा एकच विषय निवडून त्यावरील गेल्या वीस वर्षांची प्रश्नोत्तरे क्रमाने लावली, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तो उत्तम प्रकल्प होईल. शासकीय मराठीच्या अभ्यासाला तो जिवंत साहित्य पुरवील आणि पुढील अधिवेशनापूर्वी स्थानिक आमदाराच्या हाती असा कागद देईल, ज्याच्या आधारे विचारलेल्या उपप्रश्नाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर देणे अवघड जाईल.